तांब्याखालचा हिरवा

सोमवार, २ मार्च

आज ऑफिस उघडलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. कुलूप लवकर निघेना. किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते हे विसरले होते. धूळ पुसली. आधी माझ्या स्टुलावर बसले, मग कोणी आलं तर कसं दिसेल म्हणून बाबांच्या खुर्चीवर, आणि थोड्या वेळाने परत स्टुलावर.

लिहायची मला सवय नाही. आई म्हणाली, "बोलत नाहीस तर निदान लिहून काढ." म्हणून ही वही.

दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. हातात उशीचा अभ्रा आणि त्यात काहीतरी गोल. जिना चढून दम लागला होता. "जुन्या सिनेमातल्या वस्तू खऱ्या की खोट्या ते सांगणारे टिचकीवाले इथेच ना?"

मी म्हटलं, ते माझे वडील, जानेवारीत गेले. आता मी बघते.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "मग टिचकी तू मारतेस का?"

हो म्हटलं. बाबा कुठलीही वस्तू हातात आली की आधी नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचे. त्यावरून ते नाव पडलं होतं.

अभ्र्यातून हेल्मेट निघालं. समुद्राखालच्या शहराचा तो जुना सिनेमा आहे, त्यातल्या पहारेकऱ्यांचं. तांब्याच्या रंगाचं, डोळ्यांपुढे दोन गोल खिडक्या, आणि डाव्या खिडकीपासून गालापर्यंत तडा. सिनेमा पाहिलेल्या कोणालाही तो तडा आठवेल. एक पहारेकरी राजवाड्याच्या जिन्यावरून गडगडत येतो, हेल्मेट पायरीवर आपटतं आणि तडकतं. तसं ठरलेलं नव्हतं, पण दिसलं चांगलं म्हणून ठेवलं.

"गडगडले ते आमचे हे," बाई म्हणाल्या. "तोंड दिसत नाही, नाव कुठे लागत नाही. पण पाय त्यांचेच. असले फेंगडे पाय मी कुठेही ओळखीन."

काम संपल्यावर ते हेल्मेट त्यांना बक्षीस मिळालं. मध्ये एकदा कोणीतरी रंग उजळून देतो म्हणून नेलं होतं. बरेच महिने ठेवलं, पण परत आणून दिलं, आणि रंग होता तसाच. बाईंना ते विकायचं नाही. फक्त लेखी हवं आहे. नवरा अंथरुणाला खिळला आहे, डोकं कधी चालतं, कधी चालत नाही. घरात सगळे त्यांना थापाड्या म्हणतात. धाकटा दीर तर आल्या आल्या विचारतो, "काय शिपाई, पाण्याखाली काय चाललंय?"

"हे जायच्या आत दिराच्या नाकासमोर कागद धरायचाय मला," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको."

पावती करून हेल्मेट ठेवून घेतलं.

मंगळवार, ३ मार्च

हेल्मेट तपासलं.

या हेल्मेटांची खूण बाबांनी मला फार पूर्वी सांगितली होती. तांब्याचा रंग द्यायच्या आधी खाली अस्तर मारतात. त्या वेळी अस्तराचा रंग संपला, म्हणून कारागिरांनी स्टुडिओच्या दारांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट मारला. नकला करणाऱ्यांना हे माहीत नसतं, ते नेहमीचं राखाडी अस्तर लावतात. म्हणून हनुवटीच्या पट्ट्याचं रिव्हेट जिथे असतं त्या भोकात बघायचं. तिथे वरचा रंग झिजलेला असतो.

भिंगातून पाहिलं. हिरवा. गडद, जाड, दाराचा हिरवा. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. तडा आरपार आहे, आत डोळा लावला की उजेडाची रेघ दिसते. आतली कड कोणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केली आहे. टिचकीचा आवाज भरीव आला.

मला आनंद व्हायला हवा होता.

पण ते तडा गेलेलं हेल्मेट आधीच एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांच्या दवाखान्यात ते काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं आणि खाली बाबांच्या सहीचं प्रमाणपत्र आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि बाबाच जाऊन देऊन आलो. जिन्यावर हेल्मेट एकदाच तडकलं. म्हणजे अस्सल एकच.

भिंग डब्यात ठेवलं. परत काढलं, परत पाहिलं. हिरवाच.

गुरुवार, ५ मार्च

काम पुढे गेलं नाही. डॉक्टरांकडे गेलो होतो तो दिवस आठवत बसले.

बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना चढले. शेवटची काही वर्षं ते कुठेही असेच चालायचे, लेकीचा खांदा त्यांना आवडायचा. डॉक्टरांनी पांढरे हातमोजे दिले आणि फार वेळ बाहेर ठेवू नका म्हणाले. बाबांनी हातमोज्यांतूनच चाचपलं. टिचकीही तशीच मारली, तिला आवाज कुठला येणार. मग भिंग माझ्या हातात दिलं. भिंग ते मलाच द्यायचे, मी शिकावं म्हणून. पेपरही मलाच वाचायला लावायचे, माझे उच्चार सुधारावेत म्हणून.

"काय दिसतं ते सांग," ते म्हणाले. "काय असावं ते सांगू नकोस." हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मी म्हटलं, "हिरवट."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हिरवा की हिरवट?"

मी म्हटलं, हिरवटच, भोकाच्या कडेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर आमच्या डोक्यावर उभे. बाबांनी पेन मागितलं. मी कागदावर बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

ते माझी परीक्षा घेत असणार. त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं.

बाबा गेले त्या दिवशी या धंद्यातली झाडून सगळी माणसं आली होती. एक जण म्हणाला, त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आई दारात उभी राहून ऐकत होती.

शुक्रवार, ६ मार्च

अहवाल लिहिला. 'सदर हेल्मेट मूळ वस्तू नसून नंतर बनवलेली प्रतिकृती आहे, असे आमचे मत आहे.' कारण असं दिलं की तड्याची आतली कड घासलेली आहे, त्यामुळे तडा हाताने पाडलेला असण्याची शक्यता आहे. कड घासलेली आहे, हे खरं आहे. अस्तराबद्दल काही लिहिलं नाही.

शिक्का पुसट उमटला म्हणून त्यावरच पुन्हा मारला. आता तो दुहेरी दिसतो.

माझं म्हणणं असं. बाई हेल्मेट विकणार नाहीत, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही. बाबांना मात्र येऊन बोलता येणार नाही. त्यांच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं आणि माझ्याशिवाय कोणी नाही.

वर लिहिलेलं वाचून पाहिलं. पटण्यासारखं आहे. तरी वाचताना मान वर करवेना.

जेवताना आई म्हणाली, "काम झालं ना? मग चोरासारखी काय बसलीस?" डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सोमवार, ९ मार्च

बाई आल्या. केस चापून बसवले होते, पायात नव्या चपला. कागद दिला. त्यांनी पिशवीत चष्मा शोधला, सापडला नाही. "तूच वाच."

वाचायची वेळ माझ्यावर येईल हे मी धरलं नव्हतं. वाचलं.

"प्रतिकृती म्हणजे?"

"तशीच दिसणारी दुसरी वस्तू."

"खोटी?"

"आम्ही नकली म्हणतो, किंवा..."

"पोरी, खोटं आहे का?"

"हो."

त्या रिकाम्या अभ्र्याची घडी घालत बसल्या. एक घडी, मग मोडून परत तीच. "म्हणजे हे जन्मभर खोटं बोलले."

"मी हेल्मेटबद्दल लिहिलंय, मावशी. त्यांच्याबद्दल नाही."

"हेल्मेटला कुठे तोंड आहे? बोलले ते हेच बोलले ना."

मग त्यांना हसू आलं. "लग्न ठरायच्या आधी हे डोक्यात घालून दाखवलं होतं मला. मी म्हटलं, असा नवरा कोणाला मिळतो. बघ कशावर भाळले."

हेल्मेट न्यायला तयार होईनात. "नेऊन काय करू? दीर म्हणेल, कांदे ठेवा त्यात." मी म्हटलं, मग कागदही राहू द्या. "तो का? लेखी मागितलं होतं, लेखी मिळालं." कागद अभ्र्यात घालून घेऊन गेल्या. जिन्यात त्यांच्या नव्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. कठड्याला धरून सावकाश उतरत असाव्यात. मी उठून हात द्यायला हवा होता.

हेल्मेट कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

शनिवार, १४ मार्च

बाईंचा फोन आला. भांडायला केला असेल असं वाटलं आणि खरं तर बरंच वाटलं.

त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद मी लपवणार होते गं. पण त्यांनी विचारलंच. मग वाचून दाखवला. वाटलं, चिडतील, तुला दोन शिव्या देतील. तर म्हणाले, 'असेल बुवा. मीच मनाने रचलं असेल. हल्ली मला काय खरं काय नाही ते कळत नाही.' आणि कागद उशीखाली ठेवून दिला."

मग पुढे सांगायला लागल्या.

"काल दीर आला. सवयीने विचारलं, काय शिपाई. तर हे म्हणाले, 'ती थाप होती रे.' दिराचा चेहरा बघायला हवा होता. मलाच सांगायला लागला, वहिनी, मी चेष्टा करत होतो."

शेवटी म्हणाल्या, "थापा मारत होते तेच बरे होते."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. कान गरम झाले होते. आता वही लिहिते आहे तरी तसेच आहेत.

मंगळवार, १७ मार्च

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना स्वतःला सांगत होते की बाबा बरोबर होते याची एकदा खात्री करून घ्यावी. शूटिंगमध्ये दोन तडकली असतील, एखादं मोजायचं राहून गेलं असेल.

काचेच्या पेटीखाली गाल सुजलेला एक माणूस बसला होता. डॉक्टर बाहेर आले. "काय, अक्कलदाढ का?"

"नाही. हेल्मेट बघायचं होतं."

"त्याला काही दुखणं नाही. कधी तक्रार करत नाही बिचारं."

ते पेटीतून काढून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि हातमोजे पुढे केले. मी घेतले नाहीत.

भोकाच्या कडेला तो हिरवट रंग अजून होता. बोट फिरवलं तर बोटाला हिरवी भुकटी लागली. खाली राखाडी अस्तर. वरच्या रंगात तांब्याची भुकटी असते. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, तसा हा रंग कडेला कळकला होता. बोटाला लगेच कळण्यासारखी गोष्ट आहे. हातमोज्यातून कळली नसती. तडा बाहेरून खोल दिसतो, पण आत सपाट. साच्यातूनच तसा उतरलाय. टेप लावली. बाईंच्या हेल्मेटपेक्षा जरासं लहान भरलं. अस्सलवरून साचा काढून ओतलेली नक्कल आकसतेच. रंग उजळून देतो म्हणून नेणाऱ्याने काय केलं ते आता कळलं.

डॉक्टर माझ्या बोटाकडे बघत होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मला वाटलंच होतं कधीतरी," ते म्हणाले.

"हे नकली आहे असं?"

"हेल्मेटातलं मला काय कळतंय. तुमच्या वडिलांचं म्हणतोय. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, खिडकी कुठे आहे, जरा उजेडात नेऊ. आणि ते खिडकीसमोरच उभे होते. ऊन तोंडावर होतं."

मी म्हटलं, बाबा गमती करायचे.

"असेल. मला सही हवी होती, म्हणून मी बोललो नाही. आणि तुम्हाला ठाऊक असणारच असं धरलं. दिसतंय काय ते सगळं तुम्हीच तर सांगत होता."

बाहेरच्या माणसाने कण्हून हाक मारली तसे ते बाहेर गेले. मी चालत घरी आले. बसस्टॉपवरून पुढे गेले हे घराजवळ आल्यावर लक्षात आलं.

बुधवार, १८ मार्च

आई चादरींच्या घड्या घालत होती. एक टोक मी धरलं आणि विचारलं, बाबांना दिसत होतं ना?

"कुठलं दिसतंय," आई म्हणाली. "सावल्या दिसायच्या. दारात कोणी उभं आहे एवढं कळायचं. टोक नीट धर."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुला? अगं, तूच तर त्यांचे डोळे होतीस. डोळ्यांना काय सांगायचं असतं?"

मी दातांच्या डॉक्टरांच्या हेल्मेटचं विचारलं. आईने चादर खाली ठेवली. म्हणाली, त्या दिवशी बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. पोरगी हिरवट म्हणाली, एवढंच सारखं बोलत होते. हिरवा म्हणाली असती तर घास उतरला असता.

"मी म्हटलं, मग सही कशाला केलीत? तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, चारचौघांत पोरीला खोटी पाडू?"

आई पुढेही काही सांगत होती. मी चादरीचं टोक धरून उभी होते. तिने ते माझ्या हातातून सोडवून घेतलं.

शुक्रवार, २० मार्च

आज बाबांच्या खुर्चीवर बसून दोन कागद लिहिले.

पहिला डॉक्टरांच्या हेल्मेटचा. दिलेलं प्रमाणपत्र रद्द करत आहोत. कारण, नजरचूक. कोणाची ते लिहायची पद्धत नाही. मी माझं नाव लिहिलं.

दुसरा बाईंचा. यात दाराच्या हिरव्या रंगाचं लिहिलं, आरपार तड्याचं, मापाचं. हेल्मेट अस्सल आहे आणि जिन्यावरच्या दृश्यातलं तेच आहे. खाली लिहिलं, 'दि. ६ मार्च रोजी दिलेला अहवाल चुकीचा होता.' मग 'चुकीचा' खोडलं. ती चूक नव्हती. 'खोटा' लिहिलं. खाडाखोड झालेला कागद द्यायचा नाही असा ऑफिसचा नियम आहे. तसाच ठेवला.

शनिवार, २१ मार्च

हेल्मेट घेऊन बाईंकडे गेले. अरुंद जिना, वर दोन खोल्या. पलंग खिडकीशी आहे. दीर आलेला होता, खुर्चीत पेपर घेऊन बसला होता.

उभ्यानेच कागद वाचला.

"म्हणजे खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"हो, मावशी."

"तेव्हाही तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

मी म्हटलं, तसंच दुसरं एक बाबांनी खरं ठरवलं होतं. त्यांचं नाव जाऊ नये म्हणून.

त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "बस." त्यांनी घराबाहेर काढलं असतं तर जास्त सोपं गेलं असतं. बसले.

"कोण आलंय?" पलंगावरून आवाज आला.

"हेल्मेटच्या बाई."

"त्यांनी कशाला तसदी घेतली. ते खोटं आहे. लेखी आहे माझ्याकडे." त्यांनी उशीखालून माझा कागद काढला. चार घड्यांचा, कडा मऊ पडलेल्या. माझा दुहेरी शिक्का.

मी जवळ जाऊन सांगितलं की तो कागद खोटा आहे, मीच खोटा लिहिला, हेल्मेट खरं आहे.

ते हसले. मला धीर द्यावा तसे हसले. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. वय झालं की माणूस बढाया मारतो. तुम्ही बरोबर लिहिलंत. शिक्का मारून कोणी खोटं लिहील का?"

"दादा, खरं आहे म्हणताहेत त्या," दीर म्हणाला. "मीही ऐकलं आता."

"तू आधीपासून सांगत होतास. तुझंच बरोबर निघालं."

दिराने पेपरची घडी केली. ती नीट होईना.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग सांगायचं थांबवलं आणि हेल्मेट त्यांच्या हातात दिलं.

पुढे जे दिसलं ते लिहिते. काय असावं ते लिहीत नाही.

त्यांनी हेल्मेट उलटं करून मांडीवर घेतलं. त्याच्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत होते. अंगठा आत गेला आणि तड्याच्या घासलेल्या कडेवरून वरखाली फिरू लागला. बराच वेळ फिरत होता. पट्ट्याचं बक्कल घट्ट बसलेलं होतं, मला ऑफिसात दोन्ही हातांनी निघालं नव्हतं. त्यांनी ते एका हाताने, किंचित दाबून, बाजूला सरकवून काढलं. मग हेल्मेट डोक्यात घातलं. मावशी उशी सारखी करायला पुढे झाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ते कुठे अडकलं नाही, वाकडं झालं नाही. खाली येऊन खांद्यांवर बसलं. दोन गोल खिडक्यांतून डोळे दिसत नव्हते. तड्यातून गालाची एक रेघ दिसत होती.

"कसं आहे हो?" मावशींनी विचारलं.

आतून आवाज आला. "खोटं आहे. पण मापाचं आहे."